इच्छामरण: कायद्यानं काय दिलंय, काय नाही

आमच्या आत्यानं शेवटचे अकरा दिवस आयसीयूत काढले. वय ८४, फुप्फुसं थकलेली, त्यात मूत्रपिंडांनी हात टेकलेले. सातव्या रात्री साडेदहाला एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन बाहेर आले. म्हणाले, "श्वासाची नळी टाकावी लागेल. टाकायची की नाही ते लवकर सांगा." बाकावर आम्ही पाच जण होतो. आत्या गेली दहा वर्षं येईल त्याला सांगायची, "मला नळ्यांत अडकवून ठेवू नका रे." हे पाचही जणांनी ऐकलेलं होतं. तरी आतेभावानं सही केली ती 'टाका' म्हणून. नंतर तो म्हणाला, "नको म्हटलं असतं तर मी आईला मारलं असं झालं असतं ना? आणि पोलीस केस झाली असती तर?"

पुढचे चार दिवस आत्या पाणी मागत होती. बोलता येत नव्हतं, ओठांकडे बोट न्यायची. नळी असल्यामुळे तोंडानं पाणी देता येत नव्हतं. सिस्टर ओला कापूस ओठांवरून फिरवायच्या.

इच्छामरणाची बातमी आली की चर्चा कोर्टाची होते, परदेशांची होते, विषाच्या इंजेक्शनची होते. बहुतेक घरांत हा प्रश्न येतो तो मात्र असा, रात्री साडेदहाला, फॉर्मच्या रूपानं. आतेभावाच्या दोन्ही शंकांना कायद्यात उत्तर होतं. आम्हाला ते माहीत नव्हतं, म्हणून हे लिहितो आहे.

एक शब्द, चार वेगळ्या गोष्टी

'इच्छामरण' म्हटलं की आपल्याला शरपंजरी भीष्म आठवतात. वर मिळालेला, उत्तरायणाची वाट पाहत थांबलेला माणूस. आज आपण हा एकच शब्द निदान चार गोष्टींना लावतो आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

सक्रिय दयामरण म्हणजे रुग्णाचा जीव जावा या हेतूनं डॉक्टरनं औषध किंवा इंजेक्शन देणं. दुसरी गोष्ट, डॉक्टरनं औषध लिहून देणं आणि रुग्णानं ते स्वतःच्या हातानं घेणं. या दोन्ही गोष्टी भारतात गुन्हा आहेत. रुग्णानं हात जोडून मागणी केली असली तरी. पहिल्या गोष्टीत संमती असेल तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो, इतकाच फरक.

तिसरी गोष्ट म्हणजे निष्क्रिय दयामरण: ज्या उपचारानं माणूस बरा होणार नाही, नुसता मृत्यू लांबणार आहे, तो उपचार सुरू न करणं किंवा सुरू असेल तर थांबवणं. याला भारतात परवानगी आहे. या क्षेत्रातल्या अनेक डॉक्टरांना 'निष्क्रिय दयामरण' हा शब्दच पसंत नाही, कारण त्यात मारण्याचा वास येतो. मलाही त्यांचं पटतं. म्हणून पुढे मी साधं 'उपचार थांबवणं' असंच म्हणणार आहे.

चौथी गोष्ट मेंदुमृत्यू. याचा इच्छामरणाशी संबंधच नाही. मेंदूचं काम कायमचं थांबल्याचं ठरलेल्या चाचण्यांतून दोनदा सिद्ध झालं की १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार तो मृत्यूच. अवयवदानाचा प्रश्न तिथे येतो.

समईचं उदाहरण घ्या. तेल संपत आलंय. कुणी फुंकर मारून ज्योत विझवली, तर ते सक्रिय. वात पुन्हा पुन्हा पुढे सारून, तळाचं तेल पिळून ती पेटती ठेवायची खटपट कुणी थांबवली, तर ती दुसरी गोष्ट. ज्योत दोन्हीकडे जाते. पहिल्या वेळी ती फुंकरीनं गेली, दुसऱ्या वेळी तेल संपल्यानं.

परळच्या रुग्णालयातली ती खोली

भारतातली ही सगळी चर्चा ज्या एका खोलीपाशी येऊन थांबते ती मुंबईत आहे. परळच्या केईएम रुग्णालयात, वॉर्ड क्रमांक चारला लागून. अरुणा शानबाग कर्नाटकातल्या हळदीपूरच्या, केईएममध्ये परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ला तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं कुत्र्याच्या साखळीनं त्यांचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ला न्यूमोनियानं मृत्यू येईपर्यंत, जवळपास ४२ वर्षं, त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षांची.

पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला: हे जगणं थांबवू द्या. आणि केईएमच्या परिचारिका समोर उभ्या राहिल्या. त्यांतल्या अनेकींनी अरुणाताईंना चालताबोलताना कधी पाहिलेलंही नव्हतं. पण पिढ्यामागून पिढ्या त्यांनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली. इतक्या वर्षांत अंगावर एकही बेडसोर झाला नाही, याची नोंद न्यायालयानं घेतली. घरात महिनाभर अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलेल्या कुणालाही विचारा, याला काय लागतं.

७ मार्च २०११ला निकाल आला. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला. अरुणाताईंच्या वतीनं बोलण्याचा हक्क रोज त्यांचं करणाऱ्या केईएमच्या लोकांचा, असं न्यायालय म्हणालं. पण त्याच निकालात भारतात पहिल्यांदा मान्य झालं की योग्य प्रसंगी, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं, उपचार थांबवता येतील. म्हणजे जिच्या नावानं दार उघडलं तिला त्यातून जायचं नव्हतं असं तिच्या माणसांनी सांगितलं. तिला स्वतःला काय हवं होतं, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. माझ्या मते पुढच्या कायद्याची सगळी धडपड या एका रिकाम्या जागेभोवती आहे.

'जगण्याचा हक्क'मध्ये मरणाचा हक्क येतो का?

राज्यघटनेचं कलम २१ जीविताचा हक्क देतं. बोलण्याच्या हक्कात गप्प राहण्याचा हक्क येतो, मग जगण्याच्या हक्कात न जगण्याचा येतो का? १९८०च्या दशकात मुंबई पोलिसांतल्या एका शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं 'येतो' असं म्हणून आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीही तेच म्हटलं. १९९६मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क नाही. मात्र त्यांनी एक फट ठेवली. सन्मानानं जगण्यात, मरण समोर उभं असताना सन्मानानं मरणंही येतं.

त्या फटीतूनच पुढचा रस्ता निघाला. 'कॉमन कॉज' या संस्थेनं २००५मध्ये याचिका केली होती. तिच्यावर ९ मार्च २०१८ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला की सन्मानानं मरणं कलम २१मध्येच आहे, उपचार नाकारण्याचा हक्क प्रत्येक सज्ञान माणसाला आहे, आणि तो हक्क शुद्धीत असताना आगाऊ लिहूनही ठेवता येतो.

हक्क मिळाला, पण वाट इतकी अवघड की कुणी चालेना. कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी, डॉक्टरांना २० वर्षांचा अनुभव हवा, एक मंडळ जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायचं. रुग्ण व्हेंटिलेटरवर आणि नातेवाईक कचेरीच्या पायऱ्यांवर. २४ जानेवारी २०२३ला न्यायालयानं या अटी सैल केल्या. आज लागू आहे ती ही सैल झालेली पद्धत.

कागद कसा करायचा?

या कागदाला 'लिव्हिंग विल' म्हणतात. मराठीत काही जण वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. जमीनजुमल्याचं मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतं, हे माणूस असतानाच कामी येतं.

वय १८ पूर्ण हवं, डोकं ठिकाणावर हवं, दबाव नको. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत ते स्पष्ट लिहायचं. 'मला त्रास देऊ नका' एवढं पुरत नाही. 'बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करणं नको' असं लिहिलेलं कामी येतं. तुम्हाला बोलता आलं नाही तर कुणी बोलायचं, त्यांची नावं घालायची. एकापेक्षा जास्त घातली तर बरं. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्याकडे. एक फॅमिली डॉक्टरकडे, एक घरात अशा जागी की रात्री सापडेल. मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं. आणि जोवर तुम्ही शुद्धीत आहात, तोवर तुमच्या तोंडचा शब्द चालतो.

महाराष्ट्रात हे कागद सांभाळणारे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. त्यानंतर नेमणुका झाल्या. गोव्यात २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं. न्यायाधीशानंच आधी सही केली, यामुळे बाकीच्यांना धीर आला असणार.

वेळ आली की काय होतं? रुग्णालय तीन डॉक्टरांचं मंडळ नेमतं: उपचार करणारे एक, आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग दुसरं मंडळ, पहिल्यात नसलेल्या तिघांचं. त्यातला एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला. दोन्ही मंडळं आणि घरचे एकमतानं हो म्हणाले, तर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवता येतात. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. कागद केलेला नसेल तरीही हीच वाट आहे, फक्त तेव्हा रुग्णाच्या जागी घरच्यांची संमती लागते. आतेभावाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे: या वाटेनं गेलं तर पोलीस केस होत नाही.

"लोक इस्टेटीसाठी म्हाताऱ्यांना मारतील"

ही भीती खोटी नाही. भावकीचे वाद आपण सगळ्यांनी पाहिलेत. म्हणूनच दोन मंडळं आहेत आणि त्यांत घरचं कुणी नाही. शिवाय 'बरं होणार नाही' हे डॉक्टरांनी म्हणायचं असतं, वारसांनी नाही.

पण मला याहून मोठी भीती पैशाची वाटते. आपल्याकडे हजारो घरांत उपचार रोज थांबतात, कुठल्याही मंडळाशिवाय. बिल वाढतं, दागिने मोडून झालेले असतात, आणि मग डॉक्टर म्हणतात, "आता घरी घेऊन जा." नातेवाईक 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' असं लिहून देतात. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो, घरी नसतो. वेदनेचं औषध नाही, नर्स नाही, गुदमरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसलेले घाबरलेले लोक. याला इच्छामरण म्हणू नये. इथे इच्छा कुणाचीच नसते. जो कायदा नीट वापरला तर माणसाला शांतपणे जाऊ देतो, त्याच्याविना गरिबाच्या वाट्याला हे येतं.

"पण देवानं दिलेला श्वास आपण कसा थांबवायचा?"

देवळाच्या पायरीवर बसून म्हणायचा श्लोक अनेकांना पाठ असतो: अनायासेन मरणं, विना दैन्येन जीवनम्. कष्टाविना मरण आणि लाचारीविना जगणं. मागणं देवाकडे आहे, हे खरं. आत्महत्येला धर्मशास्त्रानं पाप म्हटलं, पण कर्तव्यं पुरी झालेल्या, थकलेल्या माणसानं अन्नत्याग करावा यालाही तिथे जागा होती. त्याला प्रायोपवेशन म्हणत. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी फेब्रुवारी १९६६मध्ये अन्न, पाणी, औषध सोडलं आणि २६ तारखेला ते गेले. विनोबांनी नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर औषध आणि अन्न नाकारलं. दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचा फरक, शेवट मात्र सारखा. उलट बाजूनं म्हणणारेही आहेत: प्रारब्धाचे भोग भोगूनच संपवायचे, मध्ये सोडले तर पुढच्या जन्मी उरतात. श्रद्धेच्या या मुद्द्याला कोर्टाचं उत्तर नाही, आणि असूही नये. ज्याची श्रद्धा तशी आहे त्यानं 'सगळे उपचार करा' असं लिहून ठेवावं. तोही त्याचा हक्क आहे.

जैनांच्या संथारा या, मरेपर्यंत अन्नपाणी सोडण्याच्या व्रताला राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५मध्ये बेकायदा ठरवलं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. जैनांचं म्हणणं असं की संथारा मरणासाठी नसतो, आसक्ती सोडण्यासाठी असतो.

कॅथलिक चर्च जीव घेणाऱ्या इंजेक्शनच्या पूर्ण विरोधात आहे. पण १९५७मध्येच पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नावर सांगितलं होतं की जीव टिकवण्यासाठी असाधारण उपाय करत राहण्याचं बंधन रुग्णावर किंवा डॉक्टरवर नाही. इस्लाममध्ये जीव ही अल्लाची अमानत, म्हणून तो घेणं हराम. तरी व्यर्थ ठरलेले उपचार थांबवायला अनेक विद्वान परवानगी देतात.

हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं की मला एक गोष्ट दिसते. इंजेक्शनला जवळजवळ सगळे धर्म 'नाही' म्हणतात. मरण यंत्रावर लांबवत बसण्याचा आग्रह मात्र फारसं कुणी धरत नाही. आतेभावाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला त्याच्या गुरुजींनीही दिलं असतं.

"मग इंजेक्शनच का नको? त्यात कमी त्रास आहे"

हा आक्षेप समईच्या उदाहरणालाच धक्का देतो. अमेरिकी तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांनी १९७५मध्ये तो असा मांडला: एक माणूस वारशासाठी लहान चुलतभावाला टबात बुडवतो. दुसरा त्याच हेतूनं जातो, पण मूल आपणच घसरून बुडायला लागतं आणि हा नुसता बघत उभा राहतो. दोघांत नैतिक फरक काय?

काहीच नाही, कारण हेतू एकच आहे. पण आयसीयूतल्या डॉक्टरचा हेतू तो नसतो. बुडणारं मूल वाचवता येत होतं. माझी आत्या वाचणार नव्हती. तरीही मी कबूल करतो की रेचल्सचा काटा पूर्ण निघत नाही. ज्याला यंत्र लावलेलंच नाही, पण मज्जातंतूंच्या आजारानं जो कणाकणानं गोठतो आहे, त्याला हा कायदा फारसं काही देत नाही.

नेदरलँड्स आणि बेल्जियमनं २००२मध्ये सक्रिय दयामरणाला परवानगी दिली, कॅनडानं २०१६मध्ये. नेदरलँड्स आणि कॅनडात आता साधारण दर वीस मृत्यूंत एक असा होतो. कॅनडात सुरुवातीला मरण नजीक असण्याची अट होती, २०२१मध्ये ती काढली. तिथले अपंग लोक विचारतात की आम्हाला घर, मदतनीस, पेन्शन वेळेवर मिळत नाही, मरण मात्र वेळेवर मिळणार का? या प्रश्नापाशी मी थांबतो. जिथे वेदनेचं औषधच बहुतेकांपर्यंत पोचत नाही, त्या देशात इंजेक्शन ही निवड राहणार नाही, ती मजबुरी होईल.

उपचार थांबवले म्हणजे सेवा थांबली का?

नाही, आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल. आजार बरा होत नसेल तेव्हा वेदना, धाप, मळमळ, भीती कमी करणाऱ्या शुश्रूषेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६पासून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना असं सांभाळतं. तीव्र वेदनेवरचं साधं, स्वस्त औषध मॉर्फिन. पण १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे त्याभोवती इतके परवाने झाले की औषध दुकानांतून दिसेनासंच झालं. २०१४मध्ये कायदा सुधारला. तरी गावात आजही ते मिळवणं सोपं नाही.

"अन्नाची नळी काढली तर उपाशी मारणं नाही का?" हेही विचारतात. शरीर मिटत येतं तेव्हा भूक आणि तहान आपसूक मंदावते. तोंडाची कोरड मात्र राहते, म्हणून तोंड ओलं ठेवणं हे शुश्रूषेतलं मोठं काम आहे. जबरदस्तीनं रेटलेलं अन्न आणि सलाईन त्या अवस्थेत फुप्फुसांत आणि पायांत पाणी होऊन साठू शकतं.

आत्यानंतर वर्षभरानं आईनं तिचा कागद केला. वय ७६, सही अजून ठसठशीत. वकिलांनी मसुदा टाईप करून दिला होता. व्हेंटिलेटर, डायलिसिस, सगळं त्यात होतं. नोटरीकडे निघायच्या आधी तिनं पेन घेतलं आणि खाली एक ओळ घातली: 'पाणी मागितलं तर चमच्यानं द्यावं, ठसका लागला तरी चालेल.' वकील म्हणाले, "आजी, याची गरज नाही, हे डॉक्टर ठरवतील." ती म्हणाली, "त्यांना वाचू दे."